शेड रिकामं करताना

मनिषानं अंगणात पावसानं पुसलेली चुन्याची रेघ पुन्हा ओढली आणि फाटकाशी बॅग घेऊन उभ्या असलेल्या भावाला म्हणाली, "दादा, तू पलीकडून शेडात जा."

शिवमूर्ती लायबेरियात बोअरच्या मशीनवर होता. तिथं इबोला पसरला तशी कंपनीनं सगळ्यांना घरी धाडलं. विमानतळावर ताप निघाला नाही. आता एकवीस दिवस वेगळं राहायचं. मनिषा लातूरला मेडिकलच्या क्लासला होती, म्हणून घरातली डॉक्टर तीच. नंबर लागायचा तेवढा राहिला होता.

पार्वतीबाईंनी रेघेअलीकडूनच लेकावरून भाकरतुकडा ओवाळून फेकला. तो कुत्र्यानं उचलला.

"ह्या कुत्र्याला लागलं तर?"

"आई, आजारी माणसाच्या रक्तातनं, उलटीतनं लागतं. वाऱ्यानं न्हाई. आन् ताप आल्याबिगर तर न्हाईच."

"मग रेघ कशाला?"

"ताप कवा येईल सांगता येतंय का?"

खरी अडचण वडिलांची होती. भूकंपात समोरचं घर माणसांसकट बसलेलं पाहिल्यापासून मलप्पा माळवदाच्या मातीच्या छताखाली झोपले नव्हते. जेवायला आत गेले तरी वर बघत जेवायचे. ते पत्र्याचं शेड त्यांचं होतं. सकाळपासून ते गोधडीची घडी घालत होते, मोडत होते. अंगणात पडावं तर भादव्याची झड लागलेली.

"मी शेडातच पडतो ह्याच्याजवळ," ते म्हणाले. "ताप आधी कळतो तरी. माळवद सांगून पडत न्हाई."

"आप्पा, तुम्ही इथं आलाव तर मी चाकूरच्या स्टँडवर जाऊन झोपतो," शिवमूर्ती शेडातून म्हणाला. बॅग त्यानं अजून खाली ठेवली नव्हती.

मलप्पा भिजत उभे राहिले.

"एकवीस दिवसांत ताप न्हाई आला तर?"

"तर संपलं," मनिषा म्हणाली. "समजायचं, लागलंच नव्हतं."

"पक्कं?"

"पुस्तकात हाय."

मलप्पांनी घराकडं पाहिलं. भूकंपाला एकवीस वर्षं होत आली होती. ह्या घराचा दगडही हलला नव्हता.

त्यांनी गोधडी काखेत मारली आणि वाकून आत गेले, दार उंच असूनही. पार्वतीबाई पाठोपाठ आल्या. त्यांनी आपलं अंथरूण भिंतीकडं सरकवलं. मलप्पा आडवे झाले. डोळे सताड.

"मिटा की डोळे."

"मिटतो. तवर तू वर बघ."

पार्वतीबाई वर बघत बसल्या.