पाच घरांचा मंगळवार

गोष्ट २०२३ सालची, बंगळूरच्या जे. पी. नगरमधली. त्या जानेवारीत कस्तुरीबाईंच्या घरची आमटी एकाएकी मिळमिळीत झाली.

स्वयंपाकाच्या तानूबाई मूळच्या निपाणीच्या. ऐन उमेदीची बावीस वर्षं तिथल्या वखारीत तंबाखू चाळण्यात गेलेली. मुलाला बंगळूरला काम लागलं तशा इकडे आल्या. हात असा तिखट, की कस्तुरीबाईंचा शंतनु आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा आणि मग घास घ्यायचा. आता तो खुशीत होता. "सुधारल्या बरं का तानूबाई," म्हणाला.

कस्तुरीबाईंना ते पटेना. जयनगरच्या शाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाई त्या. पोर गप्प बसलं की काहीतरी फुटलंय, हे त्यांना न सांगता कळायचं. एके सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. तानूबाई चव बघतच नव्हत्या.

"आ करा."

"अक्का, मी काय पैलीतली पोर हाय?"

"पहिलीतली पोरं निमूट करतात. आ करा."

उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, मधोमध लाल जखम. गणपतीपासूनची. तिखट लागलं की आग व्हायची.

"मशेरी लावता ना?"

"वखारीत समद्याच लावायच्या. माझ्या जोडीच्या कावेरीला बी हाय असलंच, अजून कामाला जाते की ती. दाखवतो डाक्टरला. सुट्टी मिळू दे."

सुट्टीचीच तर गंमत होती. त्या एका इमारतीत तानूबाईंची पाच घरं. प्रत्येक घर महिन्याला दोन सुट्ट्या देई, पण आपापल्या सोयीच्या. एका घराचा शनिवार, कारण ते बाहेर जेवत. दुसऱ्याचा सोमवार, कारण उपास. तिसऱ्याला तर काही धरबंधच नव्हता. अशा महिन्याला दहा सुट्ट्या असून तानूबाईंना सबंध मोकळा दिवस एकही नव्हता. सरकारी रुग्णालयात पहाटे रांग धरली की दिवस मावळतो, आणि न सांगता खाडा केला तर घर जातं.

त्याच आठवड्यात शंतनु कुरकुरत घरी आला. एचएसआर लेआउटमधल्या त्याच्या कंपनीत वर्षाची आरोग्यतपासणी झाली होती. "वीस मिनिटं उपाशी बसवलं, आई."

"अरेरे. रजा टाकलीस?"

"छे, डॉक्टर ऑफिसातच येतात."

"आणि तू तिथे दिवसभर काय करतोस?"

"खुर्चीत बसतो. तुला माहितीये."

"म्हणजे खुर्चीत बसणाऱ्याकडे डॉक्टर चालत येतो, आणि जिच्या नाकातोंडात बावीस वर्षं तंबाखू गेला तिला त्याच्यापर्यंत चालत जायला मुभा नाही. छान व्यवस्था आहे."



कस्तुरीबाईंनी पट्टी-पेन्सिल काढली. शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं त्याच करत. पाच घरांचे रकाने आखले, पाचही घरांची एक सुट्टी एकाच मंगळवारी टाकली आणि त्या जिने चढू लागल्या. चौथ्या मजल्यावरची नीलिमा म्हणाली, "काकू, मंगळवारी माझा क्लायंटचा कॉल असतो. बुधवारी नाही का चालणार?"

"तुझ्या क्लायंटला पोहे लागतात का गं?"

"नाही, पण मला..."

"तुला शंतनु आणून देईल. त्या दिवशी सगळ्यांचा बदली तास त्याच्याकडे आहे."

शंतनुला हे संध्याकाळी कळलं.

तो मंगळवार जमला. पण वेळापत्रकवाल्या बाईंनी एक चूक केलीच होती: हा धडा एका तासात संपेल असं धरलं होतं. डॉक्टरांनी पाहिलं आणि चट्ट्याचा तुकडा तपासणीला काढायला पुढच्या मंगळवारी बोलावलं; रिपोर्ट त्याच्या पुढच्या. दुसऱ्या मंगळवारी नीलिमाने दुसरी बाई ठेवली.

"आता न्हाई जात मी," तानूबाई म्हणाल्या. "एक घर गेलं. रिपोर्टापायी बाकीची बी जातील."

"ठीक आहे. मग त्या दिवशी बाकीच्या तिन्ही घरी मी जाते स्वयंपाकाला."

"तुमी? एकाहत्तराव्या वर्षी? आन् तुमच्या हातचं खाणार कोण?"

"शंतनु लहानपणी खायचा."

"म्हणून तर असा वाळला."

शंतनु लॅपटॉपवरून मान वर न काढता म्हणाला, "मी रजा घेतो. मीच करतो तिन्हीकडे. तुम्ही दोघी जा."

तिसऱ्या मंगळवारी दोघी गेल्या. डॉक्टरांनी कानडीत विचारलं, आधी कुठलं काम करत होता? उभ्या आयुष्यात कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. तानूबाई सांगत राहिल्या, ते लिहीत राहिले.

कॅन्सरच होता. बाहेर आल्यावर तानूबाई बाकावर टेकल्या. "स्वल्पच हाय म्हणला. येळेत आलीस म्हणला." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. कस्तुरीबाईंनी आत जाऊन ऑपरेशनची तारीख विचारून घेतली.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. गालाला खळगा पडला, तोंड थोडं कमी उघडतं, पण तानूबाई बऱ्या आहेत. त्या सुट्टीत आणखी एक घर गेलं; परतल्यावर तीनच राहिली, तीच त्यांनी ठेवली. निपाणीच्या कावेरीला त्यांनी दिवाळीत हट्टाने बंगळूरला आणलं. तिला रोजंदारी सोडून आधी कधी येताच आलं नव्हतं, आणि आता उशीर झाला होता; ती होळीपर्यंतच जगली. नीलिमाकडची नवी बाई दोन महिन्यांत गेली. नीलिमाने तानूबाईंना परत बोलावलं, त्यांनी गोड बोलून नकार दिला. शंतनुचं पुढे लग्न झालं. बायको अंजली म्हणते, स्वयंपाक त्याला बरा येतो, ओटा मात्र पुसत नाही. आणि कस्तुरीबाई गेल्या वर्षी धारवाडला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथे शेजारच्या दोन इमारतींत कोणाकडे कोण कामाला येतं आणि तिला कधी सुट्टी असते, याची चौकशी त्यांनी पहिल्याच महिन्यात पूर्ण केली.