म्हातारीसाठी परबेटाचं स्थळ

आमच्या वनस्पती उद्यानातलं ते झाड मरायला टेकलं होतं आणि उद्यानाच्या मोठ्या साहेबांच्या ते पथ्यावरच पडलं होतं, असं मी म्हटलं की लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. भोवती साखळी लावून ‘या जातीचं जगातलं शेवटचं झाड’ अशी पाटी ठोकली, तेव्हापासून तिकीट खिडकीवर रांग लागायला लागली. झाडाला हात लावायचा नाही, असा साहेबांचा लेखी हुकूमही निघाला.

रोपवाटिका माझ्या ताब्यात. आम्ही त्या झाडाला म्हातारी म्हणतो. पपईसारखं यातही नर झाड वेगळं, मादी वेगळं. म्हातारीच्या जोडीचा नर वादळात उन्मळून पडला. तेव्हापासून दर बहराला ती अंगभर पांढरी फुलं मिरवायची आणि सगळी फुकट गळून जायची. फांद्या लावून पाहिल्या, कुजल्या. गुटी कलमं बांधली, वाळली. यंदा खोडात बुरशी शिरली आणि मला कळून चुकलं की आता नाही तर कधीच नाही.

शेजारच्या बेटावर माझी धाकटी बहीण वनरक्षक आहे. तिच्या जंगलात म्हातारीचे चुलत भाऊबंद आहेत. फार फार पूर्वी कुठल्याशा पाखराच्या पोटातून समुद्र ओलांडून काही बिया या बेटांवर आल्या. मग ज्या बेटावर जसं निभावलं तसं ते झाड बदलत गेलं. आमच्याकडे फुलांवर रात्री पतंग येतात, म्हणून फूल पांढरं आणि घमघमणारं. तिच्याकडे दिवसा पक्षी येतात, म्हणून फूल लालभडक आणि वासाच्या नावाने शून्य. पुस्तकात नावंही निरनिराळी, पण घराणं एकच.

“तुझ्याकडे एखादा बरा नवरदेव आहे का गं?” मी फोनवर विचारलं.

“ताई, लाल चालेल?”

“या वयात रंग बघत बसू?”

“आणि तुझे साहेब?”

“त्यांचं मी बघते. तू पराग घेऊन ये.”

पहिल्या बोटीने आली. औषधाच्या डबीत पराग, डबी बर्फाच्या थर्मासमध्ये. मी शिडीवर चढून कुंचल्याने फूल न् फूल शिवत होते आणि ती शिडी धरून खिदळत होती.

“माझ्या लग्नात एवढी धावपळ केली नव्हतीस, ताई.”

“तुझं स्थळ तूच शोधून आणलंस, मला कुठे चढू दिलंस शिडीवर!”

फुलांना जाळीच्या पिशव्या बांधल्या. काही दिवसांनी आत हिरवे मणी धरलेले दिसले आणि मी शिडीवर बसूनच रडले. म्हातारी पोटाशी लेकरं धरून उभी होती.

पिशव्या काही लपत नाहीत. फळं पिकायला आली तेव्हा साहेबांनी मला बोलावून घेतलं.

“समुद्राने हजारो वर्षं जे वेगळं ठेवलं, ते तुम्ही एका सकाळी कालवून टाकलंत. ही आपली जात नव्हे, भेसळ आहे!”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त चीड आली.

“वेगळं राहायला आधी जिवंत राहावं लागतं, साहेब.”

“सोमवारी उद्यान समितीसमोर सगळी फळं उतरवून जाळायची. रोपवाटिकेत याचं एक जरी रोप दिसलं, तरी उपटून टाकीन.”

फळं तोवर काळीभोर पिकली होती. बिया लपवून पेरल्या असत्या तर कुंडी न् कुंडी तपासली गेली असती. म्हणून रविवारी सकाळी मी शिडी लावली आणि सगळ्या पिशव्या सोडल्या. पाखरांच्या पोटाची झडती घ्यायला कुठली समिती येणार? दुपारपर्यंत म्हातारीवर नुसता कल्ला होता. जेवण बाजूला ठेवून मी तो बघत बसले. संध्याकाळी एक फळ उरलं नाही.

सोमवारी समितीची माणसं रिकाम्या झाडाकडे माना वर करून बघत होती. साहेबांनी मला फाटकाबाहेर, रस्त्यावर नेलं आणि आवाज खाली आणला.

“जाळ्या चुकून सुटल्या, असं म्हणा. मी मिटवतो.”

“चुकून नाही. मी सोडल्या. पुढच्या बहराला ही जगली, तर पुन्हा पराग लावणार.”

“पुढच्या बहराला तुम्ही नोकरीत नसाल.”

मी खिशातून रोपवाटिकेच्या किल्ल्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.

“मग इथून लावीन,” मी वर बोट दाखवलं. “तिची एक फांदी कुंपणावरून रस्त्यावर येते. रस्ता तुमचा नाही. आणि ती फांदी तोडायची, तर झाडाला हात न लावण्याचा तुमचाच हुकूम आधी तुम्हाला मोडावा लागेल.”

साहेबांनी वर पाहिलं. फांदी चांगली हातभर बाहेर आली होती, आणि तिला कळ्या होत्या.