गुंडाळी फळ्यावरचा पहिला शब्द

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. जाड कापडाला काळा रंग, वर-खाली दोन लाकडी दांड्या आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा संसार. कोल्हापुरातल्या दुकानातून पहिलीला शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी मला हुपरीच्या शाळेत आणलं, ते १९९२ साल होतं. भिंतीवरचा फळा माझ्याकडे बघून नाक मुरडायचा. पण तो बिचारा जन्मभर भिंतीलाच खिळलेला, आणि मी मात्र बाईंच्या काखेत बसून गाव हिंडलो.

त्या वर्षी पहिलीत शांभवी नावाची मुलगी होती. तिचं कुटुंब नुकतंच सीमेपलीकडच्या कानडी गावातून हुपरीला आलं होतं. वर्गात ती एक अक्षर बोलायची नाही. मुलं तिला मुकी म्हणून चिडवायची. दिवाळीनंतर ती शाळेत दिसेनाशी झाली, तेव्हा बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या.

घरात चांदीच्या पैंजणांचं काम चाललं होतं. शांभवी खाली मान घालून कड्या जोडत होती. तिचे वडील भीमाप्पा व्यापारामुळे मराठी बोलायचे. त्यांनी बाईंना चहा दिला आणि सरळच सांगितलं, "पोरीला डोस्कं न्हाय, बाई. हितं कड्या तर नीट जोडती की."

बाईंनी वाद घातला नाही. मला खुंटीला टांगलं, माझ्यावर एका बाईचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, 'आई'. शांभवीने बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. आज ही मुलगी हातून सुटली तर पुन्हा शाळेत यायची नाही, हे मलाही कळत होतं.

मग बाई चुलीपाशी बसलेल्या शांभवीच्या आईकडे, बसव्वांकडे वळल्या. "ही तुम्हाला काय म्हणून हाक मारते?"

भीमाप्पांनी ते कानडीत विचारलं, तशा बसव्वा लाजत म्हणाल्या, "अव्वा."

बाईंनी 'आई' पुसलं आणि लिहिलं, 'अव्वा'. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी ते वाचून दाखवलं. शांभवी उठली. तिचं चांदीने काळवंडलेलं बोट माझ्यावर टेकलं आणि ती स्पष्ट म्हणाली, "अव्वा." मग बाईंनी शेजारी पुन्हा 'आई' लिहिलं. ती दोन्हीकडे बघून हसली. भीमाप्पा हातातलं काम विसरून बघत होते.

"उद्या धाडतो, बाई," ते म्हणाले.

पुढे वर्गातली मुलंच तिच्याकडून कानडी शब्द शिकली. खेळात गडी बोलवायचा झाला की सगळी "बा, बा", म्हणजे 'ये, ये', म्हणून ओरडायची. मुकी हे नाव कधी गळून पडलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. असं माणसाला माणसात आणणारी बाई मला धनी म्हणून लाभली, याचे उपकार मी कसे फेडू?

नंतर बाई निवृत्त झाल्या. शाळेत नवे गुळगुळीत फळे आले. मी कपाटामागे पडलो, उंदरांनी माझी एक कड कुरतडली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दोन हजार आठच्या ऊसतोडीच्या हंगामात मात्र कुणीतरी मला बाहेर ओढून झटकलं. बघतो तर शांभवी! आता ती याच शाळेत बाई झाली होती. समोर ऊसतोड्यांच्या तांड्यातली झुंबर नावाची मुलगी बसली होती. तीही गप्प, आणि तिलाही मुलं मुकीच म्हणत होती.

शांभवीने मला टांगलं, खडू घेतला आणि तिच्याजवळ खाली बसून विचारलं, "घरी आईला काय म्हणतीस गं?"

झुंबर हळूच म्हणाली, "याडी."

शांभवीने तो शब्द माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला.

मित्रांनो, माझी कड शिवा, मला एकदा काळा रंग द्या, एवढं मागणं आहेच. पण त्याआधी तुमच्या वर्गात कोण गप्प बसलंय ते बघा. आईला घरी काय म्हणतोस, एवढंच त्याला विचारा. लिहायला मी आहे.