श्वासाचा रकाना

तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकीने पहिल्या वर्षाची एक मुलगी सांभाळायची, तिचा ताण हलका करायचा, असं आमच्या नर्सिंग कॉलेजने ठरवलं. माझ्या वाट्याला आलेली मुलगी वॉर्डात सतत धावत असायची. सगळ्या तिला खारूताई म्हणायच्या. दुसऱ्याच आठवड्यात ती मला चादरींच्या खोलीत रडताना सापडली.

"ताई, बारा पेशंट. प्रत्येकाचे श्वास मिनिटभर मोजायचे. मला जमतच नाही."

"अगं वेडे, श्वास मोजतं कोण? नाडी घे, ताप बघ, बीपी घे. श्वासाच्या रकान्यात अठरा ठोकून दे. अठराने आजवर कुणाचं घोडं मारलंय?"

"तुम्ही पण?"

"अडीच वर्षं. माझ्या सीनियरनेच शिकवलं."

ती डोळे पुसत हसली. त्या दिवशी ती वेळेवर जेवली. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं : ताण कमी झाला आहे.

मंगळवारी सकाळी दहाला तिने सात नंबरच्या आजोबांचे श्वास अठरा लिहिले. सव्वादहाला डॉक्टरांनी मोजले, ते छत्तीस भरले. आजोबांना आयसीयूत हलवलं. दुपारपर्यंत बातमी पसरली, खारूताईला कॉलेजातून काढणार.

मी तिला जिन्यात गाठलं. "माझं नाव सांगितलंस?"

"नाही. लिहिलं मीच ना, ताई."

माझा जीव भांड्यात पडला. मी खाली जाऊन जेवलेसुद्धा. घास उतरत होता, याचीच मग लाज वाटली. हात धुऊन मी इन्चार्ज सिस्टरांच्या खोलीत गेले आणि अठरा लिहायची शिकवण माझी होती, हे सांगितलं.

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुला लेखी ताकीद मिळेल. पण खोटं तिने लिहिलं. तिला जावंच लागेल."

एवढ्यावर मी सुटत होते. आजोबांचा तक्ता टेबलावरच होता. मी तो त्यांच्याकडे फिरवला आणि दहाच्या नोंदीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. सकाळी सात. अठरा. पुढे माझी सही.

सिस्टरांनी तक्ता जवळ ओढला.

"सातला त्यांना धाप लागत होती?"

"माहीत नाही, सिस्टर. मी बघितलंच नव्हतं."