माहनूरच्या भुवया

कपाशीचे हाल होते, म्हणून नेरच्या जिनिंगमधली निम्मी यंत्रं त्या साली बंदच राहिली. तिथल्या फिटर अय्यूबला त्यामुळे लेकीला घेऊन यवतमाळला, चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सवड मिळे. एवढंच काय ते बरं.

माहनूर सतराची. आधी डोक्यात रुपयाएवढी चकती पडली, मग केस पुंजक्यानं गेले, शेवटी भुवयाही.

"शरीराची राखण करणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांवर उठल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हंजे घरचाच कुत्रा घरच्याले चावून राह्यला," अय्यूब म्हणाला.

स्टेरॉइडनं केस आले, पण पोरीचं तोंड फुगून गोल झालं, उठताबसता मांड्यांत बळ राहीना. मग बाईंनी ते हळूहळू कमी करत दुसरी गोळी लावली, अझाथायोप्रिन. ती त्या राखणदारांनाच आवरते, म्हणून रक्त वरचेवर तपासायचं. सूज उतरली, केस टिकले. ईदला माहनूरनं वेणी घातली, तेव्हा तिची अम्मी गौहर चुलीपाशी तोंड फिरवून रडली.

ईदनंतर माहनूरला ताप चढला तो उतरेचना. गोळीनं रक्तातले राखणदार, पांढऱ्या पेशी, पार कमी झाले होते. दवाखान्यात सलाईन लागलं.

"गोळी आजपासून बंद," बाई म्हणाल्या.

"अर्धी तरी?" माहनूरनं विचारलं.

"नाही बेटा. साधा जंतूही जिवावर बेतेल."

"मंग स्टेरॉइड द्या. फुगू द्या तोंड!"

"तापात ते देता येत नाही. आणि नंतर तरी किती वर्षं देणार?"

माहनूरनं बापाचा हात धरला. "अब्बा, तुमी काहून बोलत नाही? सांगा ना यायले!"

गोळी मागावी तर पोरीचा जीव, न मागावी तर पोरीचं मन. अय्यूबनं दुसऱ्या हातानं तिच्या अंगावरची चादर वर ओढली. तिनं हात सोडला.

ताप उतरला. पोरगी वाचली. हिवाळा लागेस्तोवर सगळे केस गेले. गौहर टाळूला कांद्याचा रस चोळायची. उपयोग नाही हे ठाऊक असून अय्यूब बाजारातून कांदे आणायचा.

एका सकाळी माहनूर आरशापुढे काजळपेन्सिलीनं भुवया काढत होती. एक वर गेलेली, एक खाली.

"अब्बा, सारख्या आल्या काय?"

"आल्या नं," अय्यूब म्हणाला.

तिनं आरशात पाहिलं, ओढणीच्या टोकानं दोन्ही पुसल्या आणि पुन्हा काढायला घेतल्या.