शिफारशीचं बंद पाकीट

डॉक्टरांनी पाकीट हातात दिलं आणि लगेच नळ सोडून हात धुवायला लागले. आता हात त्यांनी दोनच मिनिटांपूर्वी धुतले होते, हे चिमटीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. झालं! तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण दातांच्या त्या दवाखान्यात गेली अकरा वर्षं ती डॉक्टरांच्या डाव्या हाताला उभी होती, आणि त्यांनी मागायच्या आत चिमटा त्यांच्या हातात पडायचा, म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी तिला ते नाव ठेवलं. पुढं पेशंटही त्याच नावानं हाक मारायला लागले. तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. म्हणणं असायला वेळ कुठं होता? हत्यारं धुवायची, वाफेच्या यंत्रात लावायची, लाळ ओढायची नळी धरायची, घाबरलेल्या माणसाचा हात धरायचा, आणि डॉक्टर हिरड्या मोजायला लागले की ते बोलतील ते आकडे कार्डावर लिहायचे. अकरा वर्षांत तिनं किती लोकांच्या हिरड्या लिहिल्या असतील, देव जाणे.

आणि आता तिला विद्यापीठात जायचं होतं. डेंटल हायजीनची पदवी. दात काढणं-बसवणं डॉक्टरांचं, पण दात साफ करणं, हिरड्या तपासणं, लोकांना आपलं तोंड सांभाळायला शिकवणं, हे सगळं स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या जबाबदारीवर. दवाखान्यात काम केलेल्यांसाठी तिथं दोनच जागा राखलेल्या, आणि वयाची अट पस्तिशीच्या आत. चिमटीचं चौतिसावं सरत आलं होतं, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. लेखी परीक्षा तिनं दिली होती. मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची होती, तीही अशी कोरली की परीक्षक बाई ती दाढ हातात फिरवत बसल्या. राहिलं होतं ते एक शिफारसपत्र आणि मुलाखत. ज्याच्या हाताखाली निदान तीन वर्षं काम केलं त्याचंच पत्र, बंद पाकिटात, जोडावर शिक्का, शुक्रवारी पाचच्या आत. पाकीट फोडलेलं दिसलं की अर्ज बाद.

"बंद पाकीट कशाला म्हणते मी?" बाहेरच्या टेबलावर बसून नंबर लावणाऱ्या मावशी म्हणाल्या. "चांगलं लिहिलं असेल तर उघडं द्यायला काय जातं?"

"नियम आहे मावशी तसा."

"असेल बाई नियम. पण एकोणीस दिवस लावले की नाही त्यांनी? चांगलं असेल तर माणूस उभ्या उभ्या लिहितो. वाईट लिहायलाच विचार लागतो."

मावशींची ही खोडच. काडी टाकायची आणि आपण फोन उचलून गोड आवाजात बोलायला लागायचं. पण खरं सांगायचं तर चिमटीला काडीचीही गरज नव्हती. ती जात्याच संशयी. दुकानदारानं हसून सुटे पैसे दिले तरी ती कोपऱ्यावर जाऊन मोजून बघणार. शिफारशीचा फॉर्मसुद्धा तिनं दोन प्रती काढून आणला होता. डॉक्टर 'हरवला' म्हणाले तर काय घ्या!

आणि आता तर एकेक गोष्ट डोळ्यांपुढं येऊ लागली. परवा ती आत गेली तेव्हा डॉक्टरांनी फॉर्मवर हात का ठेवला? गेल्या आठवड्यात औषधाच्या एजंटाला ते "एखादी मुलगी बघून ठेवा" असं का म्हणाले? आणि पाकीट देताना डोळ्याला डोळा का नाही दिला? कुठंतरी पाणी मुरत होतं. ती गेली तर डॉक्टरांचा डावा हात जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मग आपलाच हात कापून द्यायला कोण तयार होईल?

गुरुवारी दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेले. मावशी टेबलावर हनुवटी टेकून पेंगत होत्या. चिमटी आत उभी होती, आणि समोरच्या भिंतीवर एक्स-रे बघायची दिव्याची पेटी होती.

पाकीट फोडायचं नाही, असा नियम होता. दिव्यावर धरायचं नाही, असं कुठं लिहिलं होतं? हे तिनं स्वतःला दोनदा सांगितलं, म्हणजे आपण काय करतोय हे तिला नीट ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं. पांढरा उजेड पडला. तिनं पाकीट काचेवर सपाट दाबलं, एक्स-रे दाबतात तसं.

आतला मजकूर घडीवर घडी आल्यानं नुसता काळा गिचमिडा दिसत होता. पण गुणांचा रकाना कडेला घडीबाहेर सुटला होता, आणि त्यात डॉक्टरांचं ठसठशीत अक्षर. हाताची सफाई, एक. स्वच्छता, एक. वेळेची शिस्त, दोन. रुग्णांशी वागणं, एक. चिकाटी, एक. आणि सगळ्यात शेवटी, विश्वासूपणा: एक.

फॉर्मवरच्या सूचना तिला तोंडपाठ होत्या. पाच म्हणजे उत्कृष्ट, तीन म्हणजे समाधानकारक, एक म्हणजे असमाधानकारक.

ती पेशंटच्या खुर्चीत मटकन बसली. अकरा वर्षं! लाळ पुसली, रक्त पुसलं, स्वतः तापानं फणफणत असताना हत्यारं लावून दिली, आणि ह्या माणसानं असा केसानं गळा कापावा? वेळेच्या शिस्तीत तेवढे दोन दिले होते मेहेरबानांनी!

"फेकून मार त्याच्या तोंडावर," संध्याकाळी ताई शिलाई मशीन थांबवून म्हणाली. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. ताई कपडे शिवायची आणि धाकटीचं कुणी वाकडं केलं की तिची कात्री उगाचच कचकच वाजायची. "आणि राजीनामाही मार. उद्याच्या उद्या."

राजीनामा तिनं लिहिला. चार ओळींचा, एकही शिवी नसलेला, त्यामुळं लिहायला फार वेळ लागला. शुक्रवारी तो एप्रनच्या एका खिशात होता आणि पाकीट दुसऱ्या. ठरलं होतं असं: तीन वाजताचा पेशंट संपला की राजीनामा टेबलावर ठेवायचा, पाकीट फाडून केराच्या डब्यात टाकायचं, आणि मागं न बघता जिना उतरायचा.

तीनच्या पेशंट होत्या निवृत्त मास्तरीणबाई. सत्तरी उलटलेली, तरी बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी. दर सहा महिन्यांनी यायच्या आणि डॉक्टरांना चार गोष्टी सुनावून जायच्या. डॉक्टरांनी बारीक खुणांची सळई घेतली, हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत अलगद घातली आणि बोलायला लागले. चिमटीनं पेन्सिल उचलली. मान वर केली नाही.

"एक, एक, दोन," डॉक्टर म्हणाले. "एक, एक, एक. दोन, एक, एक. वा! एक, एक, एक. अहो बाई, असं तोंड वर्षात एकदा बघायला मिळतं. सगळीकडे एक! आणखी काय पाहिजे माणसाला?"

चिमटीची पेन्सिल थांबली.

फट जितकी उथळ तितकी हिरडी घट्ट. एक म्हणजे उत्तम, दोन म्हणजे छान, चार-पाच म्हणजे पू आणि रडारड. तीस वर्षं हा माणूस सकाळ-संध्याकाळ हेच आकडे बोलत आला होता. सूचना बारीक अक्षरात होत्या, आणि बारीक अक्षर वाचायला डॉक्टरांना चष्मा बदलावा लागे, आणि चष्मा बदलायचा त्यांना जन्माचा कंटाळा.

"एक," डॉक्टर पुन्हा म्हणाले. "अगं, लिहितेस ना?"

"डॉक्टर," चिमटी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "त्या फॉर्मवर पाच म्हणजे सगळ्यात चांगलं असतं. तुमच्या लक्षात आहे ना?"

"अं? कुठल्या फॉर्मवर?" सळई हवेतच राहिली. मग डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडत गेला. "पाच? अरे देवा. पाच म्हणजे...? मी तर तुला सगळीकडे..." आणि ते थांबले. "पण पाकीट तर बंद आहे. मी आत काय लिहिलंय ते तुला काय ठाऊक?"

मास्तरीणबाईंनी तोंड मिटलं आणि कान उघडले.

सहज विचारलं, असं म्हणता आलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण तिची नजर भिंतीवरच्या पेटीकडे गेली, आणि डॉक्टरांची नजर तिच्या नजरेमागं गेली.

"दिव्यावर धरलं," चिमटी म्हणाली. "काल, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. मला वाटलं तुम्ही मला सोडायचं नाही म्हणून मुद्दाम वाईट लिहिलंत." तिनं खिशातला राजीनामाही काढून ट्रेवर ठेवला, उरलीसुरली लाजही एकदाची जाऊ दे म्हणून.

डॉक्टरांनी तो वाचला. घडी होती तशी घालून ट्रेवर ठेवला. "एकोणीस दिवस मी मुद्दाम लावले," ते म्हणाले. "रोज वाटायचं, उद्या देऊ. तेवढा तुझा संशय खरा. पण वाईट लिहीन मी तुझ्याबद्दल? मी?"

चिमटीला रडू आलं. मास्क होता म्हणून बरं.

"रडारड नंतर," खुर्चीतून मास्तरीणबाई म्हणाल्या. "डॉक्टर, वरची सूचना आधी वाचावी, हे मी चौथीच्या पोरांना शिकवत होते. दुसरा फॉर्म आहे का? साडेतीन वाजलेत."

दुसरा फॉर्म होता. संशयी माणसाकडे असतोच. चिमटीच्या खिशातलं पहिलं पाकीट डॉक्टरांनी स्वतः फाडलं, त्यातला शिफारशीच्या मजकुराचा कागद तसाच बाजूला काढला आणि गुणांचं नवं पान चिमटीच्या पुढं सरकवलं. "मला बाईंचं काम पुरं करायचंय. मी बोलतो, तू लिही."

"हाताची सफाई, पाच. स्वच्छता, पाच. वेळेची शिस्त, चार. पावसात दोनदा उशीर केलास. रुग्णांशी वागणं, पाच. चिकाटी, पाच."

मग शेवटचा रकाना आला आणि डॉक्टर थबकले. चिमटीनं पेन्सिल ठेवून पेन घेतलं होतं, ते पेन कागदाला टेकून राहिलं. पाच म्हणा, असं तिचं मन ओरडत होतं. दोनच जागा आहेत, डॉक्टर. पाच म्हणा.

"तीन," डॉक्टर म्हणाले.

हिरडीतही तीन म्हणजे काठावरचं. अजून हातची गेलेली नाही, पण लक्ष ठेवायला हवं. डॉक्टर मास्तरीणबाईंकडे वळले होते, त्यांची पाठ होती. तीनच्या जागी पाच काढायला असा कितीसा वेळ लागतो? चिमटीनं तीन लिहिले.

डॉक्टर मोजे काढून आले, चष्मा न बदलता खाली सही केली, मजकुरासकट पान नव्या पाकिटात घातलं, ते चिकटवलं आणि जोडावर शिक्का मारला. रकान्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "पळ," म्हणाले.

पाचाला सात मिनिटं असताना पाकीट विद्यापीठाच्या खिडकीत पोचलं.

मुलाखतीला तीन जण होते. मधोमध त्याच परीक्षक बाई, दाढ हातात फिरवत बसलेल्या. त्यांनी शिफारशीचं पान पुढं ओढलं. "बाकी सगळीकडे चार-पाच आणि विश्वासूपणाला तीन? आणि हे अक्षर तुमच्या डॉक्टरांचं वाटत नाही. मजकुराचं वेगळं आहे."

"आकडे मी लिहिलेत," चिमटी म्हणाली. "डॉक्टर बोलले, मी लिहिले." आणि मग तिनं सगळं सांगितलं. दिव्याच्या पेटीपासून राजीनाम्यापर्यंत. काही गाळलं नाही. ऐकता ऐकता कडेचे दोघं हसायला लागले होते. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे हे तीन तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेत? त्यांनी नंतर बघितलंही नाही?"

"नाही."

"मग पाच का नाही लिहिलेत?"

प्रश्न तिला नीट कळलाच नाही. "डॉक्टर तीन म्हणाले होते," ती म्हणाली. "म्हणतील तेच लिहायचं असतं ना कार्डावर?"

बाईंनी पानावर काहीतरी टिपून घेतलं आणि ते उलट्या बाजूनं वाचायचा मोह चिमटीनं कसाबसा आवरला.

बारा दिवसांनी विद्यापीठाचं पाकीट दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. चिमटी हत्यारांचा ट्रे घेऊन आत आली तर दिव्याची पेटी चालू, आणि डॉक्टर काचेवर पाकीट दाबून, नाक लावून उभे. तिची चाहूल लागताच ते असे दचकले की पाकीट खाली पडलं.

"काही दिसत नाही," कान लाल करून ते म्हणाले. "कागद जाड वापरलाय लेकाच्यांनी."

तिनं पाकीट उचललं, फोडलं, एकदा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"मिळाली," ती म्हणाली.

"वा," डॉक्टर म्हणाले. "वा, वा. छान झालं." आणि लगेच नळ सोडून हात धुवायला लागले. हात त्यांचे स्वच्छच होते. पाणी वाहत राहिलं, ते चोळत राहिले, आणि मान काही वर करीनात.

चिमटीनं टॉवेल घेतला आणि त्यांनी मागायच्या आत त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली.