मेण फोडण्याआधी

टेबलावर एक शॉर्टवेव्ह रेडिओ, एक प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर, बाबांच्या नऊ वह्या आणि एक पत्र होतं. वह्यांत ऐकलेल्या दूरदूरच्या केंद्रांच्या चारशे बारा नोंदी. शेवटची दोन महिन्यांपूर्वीची: 9,785 किलोहर्ट्झ.

पत्र श्रोता मंडळाच्या चिटणीसांचं. आपण शेवटी नोंदवलेलं केंद्र त्या दिवशी 9,750 वर होतं, 9,785 वर काहीच नव्हतं. नोंद न ऐकताच केलेली दिसते, म्हणून आपलं नाव यादीतून कमी करत आहोत. तेव्हापासून बाबांनी रेडिओला हात लावला नव्हता.

"सकाळपासून पसारा मांडून बसलीयेस," आई म्हणाली. "जोडताना स्क्रू उरले तर माझ्या सुयांच्या डब्यात टाकू नकोस."

"उरणार नाहीत गं."

रेडिओ जुना झाला की काटा एक आकडा दाखवतो आणि ऐकू दुसराच येतो. तो जुळवून दिला की बाबा पुन्हा बसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रेडिओ अर्धा तास तापू दिला. वेळ सांगणारं केंद्र बरोबर 10,000 वर असतं. सेकंदाला एक टिक. काटा 10,000 वर नेऊन ठेवला. आता टिकटिक तिथेच ऐकू येईपर्यंत आतल्या कॉइलचा गाभा, म्हणजे जुळवणीचा स्क्रू, फिरवायचा. गाभा हलू नये म्हणून कारखान्यात लावलेल्या मेणाला स्क्रूड्रायव्हर टेकवला.

"आधी किती दाखवत होता?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"कोण?"

"काटा. टिकटिक कितीवर येत होती?"

मी बघितलंच नव्हतं.

"वा! प्रयोगशाळेत हेच शिकवलं वाटतं? हात लावण्याआधी वाचायचं असतं, बाई. तू जुळवून मोकळी होशील. त्या दिवशी हा काय दाखवत होता, ते मग कुणाला दाखवू मी?"

मी हात मागे घेतला. मेणाला ओरखडा पडला होता, पण ते फुटलं नव्हतं.

बाबा उठले. चष्मा पुसून लावला आणि दोन महिन्यांनी बटण धरलं. आईने न सांगता दिवा जवळ आणला. टिकटिक स्पष्ट झाली तसा बाबांनी हात काढून घेतला.

"तू वाच," ते म्हणाले. "माझं वाचलेलं त्यांना चालत नाही."

दोनदा डावीकडून आणि दोनदा उजवीकडून काटा आणला. मग मी एक कोरी वही घेतली, दहावी, आणि पहिल्या पानावर लिहिलं:

10,035. 10,034. 10,036. 10,035.

सरासरी फरक: 35 किलोहर्ट्झ. 9,785 वजा 35: 9,750.